दाराआतला खड्डा

हार्लन ट्वेटनने अमेरिकेतल्या एल्कहॉर्न गावातल्या निम्म्या लोकांना एकदा तरी ठार मारलं होतं. बँकेचा मॅनेजर शाळेत असताना खड्ड्यात पडून मेला. दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर छतावरून हिरवा चिकट गोळा पडला आणि त्याच्या हाडांचंसुद्धा पाणी झालं. चर्चच्या आताच्या पाद्रीबाई, पाद्री व्हायच्या खूप आधी, पेटीच्या कुलपातली विषारी सुई टोचून गेल्या. शुक्रवारी तळलेला मासा खायला सगळं गाव क्लबात जमायचं, तेव्हा कुणी ना कुणी हार्लनच्या पाठीत थाप मारून विचारायचंच, की काय रे खुन्या, मला मारलंस ते आठवतं का? हार्लन ब्रँडीचा ग्लास खाली ठेवायचा आणि म्हणायचा, आठवतं तर. काठी न आपटता आत शिरलास, गाढवा.

हे मारणं अर्थातच खेळातलं. हार्लनच्या घराच्या तळघरात एक लांब टेबल होतं आणि त्याभोवती दर रविवारी हा खेळ चालायचा. एक जण सूत्रधार. तो चौकटीच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढतो, त्यात सापळे आणि राक्षस पेरतो, आणि समोर काय दिसतंय ते तोंडाने सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जिथे नशिबाचा प्रश्न असेल तिथे फासे. बायाबापड्यांना वाटायचं पोरं खाली काय सैतानी उद्योग करतात देव जाणे, पण खाली फक्त बोलणं चालायचं, आणि चीज खाणं.

हार्लन कायम सूत्रधार. दिवसभर बँडची वाद्यं बनवायच्या कारखान्यात तो ट्रम्पेटचे सांधे जोडायचा, बोटाच्या पेराने पितळेवर टिचकी मारून कान लावायचा, आणि कुठे चीर राहिली ते आवाजावरून सांगायचा. संध्याकाळी भुयार. जन्मात कधी तो पात्र घेऊन खेळायला बसला नाही. ज्याच्या घरी लग्न त्याला पंगतीत बसायला कुठे मिळतं?

आणि त्याचा एक नियम सगळ्या नियमांच्या वर होता. सूत्रधाराशी वाद घालायचा नाही. सूत्रधार म्हणाला तू पडलास, तर पडलास. उठायचं, नवं पात्र करायचं. रडारड नको.

त्याच्या मुलीने, कर्स्टनने, हा नियम नवव्या वर्षी शिकून घेतला. ती पहिल्यांदाच खाली खेळायला बसली होती. सोनेरी केसांची, चांदीची तलवार असलेली योद्धी तिने आठवडाभर खपून रंगवली होती. पहिल्या दारातून ती योद्धी आत गेली आणि दाराआतल्या खड्ड्यात पडली. जुन्या नियमांत मरण स्वस्त होतं. खाली सुळे होते, संपलं. कर्स्टन काही बोलली नाही. कागद घडी करून ठेवला, जिना चढून वर गेली आणि पुन्हा कधी त्या टेबलाशी बसली नाही. तिची आई जोअ‍ॅन हार्लनला बरंच बोलली. हार्लन म्हणाला, खड्डा सगळ्यांना सारखाच असतो.

कर्स्टन मोठी झाली, मिलवॉकीला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट झाली. गंमत अशी, की तिथे कामावरच्या मैत्रिणींबरोबर ती हाच खेळ खेळायला लागली. म्हणजे नाव तेच, नियम नवे. नव्या नियमांत माणूस असा पटकन मरत नाही. खड्ड्यात पडला तर खरचटतं, अगदी मरायला टेकला तरी फासा त्याला परत परत संधी देतो. कर्स्टनला हे नियम आवडायचे. का आवडायचे ते तिने वडिलांना कधी सांगितलं नाही.

जोअ‍ॅन गेली आणि हार्लन घरात एकटा राहिला. मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द, मग किल्ल्या. मग एका थंडीत तो पिकअप घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या खोपट्याकडे गेला आणि परतीचा रस्ताच सापडेना म्हणून बर्फावर गाडी चालू ठेवून बसून राहिला. गस पिकार्स्कीने, त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताने, त्याला शोधून घरी आणलं. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. हार्लनने घड्याळ सुरेख काढलं, पण काटे लावायचे विसरला.

डॉक्टरकडून परतताना गाडीत कर्स्टनने विषय काढला. गावाबाहेर अशा आजाराच्या लोकांसाठी एक घर होतं, स्वच्छ होतं, लोक चांगले होते. हार्लनने बाहेरच्या मक्याच्या उजाड शेतांकडे तोंड फिरवलं.

"घड्याळं काढायची परीक्षा डॉक्टरच्या जवळ राहू दे," तो म्हणाला. "मी माझी परीक्षा सांगतो. ज्या दिवशी मी माझ्याच भुयाराच्या पहिल्या दारातल्या खड्ड्यात पडेन, त्या दिवशी मला तिथे नेऊन टाक. एक अक्षर बोलणार नाही. पण तोवर मला माझ्या घरातून हलवायचं नाही. कबूल?"

कर्स्टन कबूल म्हणाली. त्याने हात पुढे केला, तिने गाडी बाजूला घेऊन तो हातात घेतला. ही गोष्ट त्या दोघांतच राहिली.

आता ज्याला आपलंच भुयार खेळायचं आहे, तो सूत्रधार कसा होणार? सूत्रधार कर्स्टनला व्हावं लागणार होतं. जुने नियम तिला धड येत नव्हते, आणि खरं सांगायचं तर नकोच होते. एका चुकीच्या पावलाने बाप मेला आणि खेळ संपला, हे तिला सोसणार नव्हतं. म्हणून तिने भुयाराचे सगळे कागद मिलवॉकीला नेले आणि रोज कामावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक सापळा नव्या नियमांत बसवायला घेतला.

ती हे काम औषधाची मात्रा ठरवावी तसं करत होती. छतावरचा हिरवा गोळा: जुना, अंगावर पडला की काही क्षणांत माणूसच हिरवा. तिने त्याला हळू केलं, फासा टाकून झटकायची सोय दिली. पिवळी बुरशी: जुनी, एकदा श्वासात गेली की मरण. तिने तिला खोकला आणि अशक्तपणावर आणलं. कुलपातल्या सुईचं विष तिने इतकं पातळ केलं, की ते पिऊन माणूस चर्चला जाऊन आला असता. हसू येत होतं तिला, आणि मधेच डोळे भरून येत होते. विशीतल्या बापाचं तिरकं अक्षर, जागोजागी ब्रँडीचे डाग, आणि तिच्या आईने कोपऱ्यात काढलेला एक राक्षस, ज्याला नेमके हार्लनसारखेच कान होते.

खड्ड्यापुढे हार्लनने फक्त एवढंच लिहिलं होतं: आपटलं तर पोकळ वाजतं. याचं नव्या नियमांत काय करायचं? कर्स्टनने विचार केला. आपटणं म्हणजे शोधणंच की. आणि शोधायला नव्या नियमांत फासा असतो. वीस बाजूंच्या फाशावर पुरेसा आकडा आला तर सापळा दिसला, नाही आला तर पाय पडला. तिने ती ओळ तशी बसवली आणि पुढच्या खोलीकडे वळली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी, चर्च आटोपल्यावर सगळे तळघरात जमले. गस सॉसेज भाजून घेऊन आला होता. लोरेन, जिने उभा जन्म शाळेची बस चालवली आणि भुयारात मात्र कायम चोर झाली, क्रिंगल नावाचा गोड पाव घेऊन आली. हार्लनने स्वच्छ शर्ट घातला होता. सूत्रधाराच्या खुर्चीकडे तो सवयीने गेला, तिच्या पाठीवर हात ठेवला, मग हसून वळला आणि बाजूच्या बाकावर गसशेजारी बसला. पात्र त्याने बुटक्याचं घेतलं, त्याचं नाव ठेवलं ओले.

"बुटका? सहा फुटी मेल्या, तू?" गस म्हणाला.

"आयुष्यभर दाराला डोकं आपटून घेतलं. आता जरा वाकायला नको," हार्लन म्हणाला.

दिवस चांगला होता त्याचा. एकदाच फक्त त्याने लोरेनला जोअ‍ॅन म्हणून हाक मारली, आणि लोरेनने हो म्हणून क्रिंगलचा तुकडा पुढे केला. कर्स्टन मात्र समोरचे कागद परत परत सारखे करत होती. समोरच्या दोघांना हा नेहमीसारखा खेळ वाटत होता. तिला ठाऊक होतं, की ही परीक्षा आहे आणि पेपर तिने काढला आहे.

तिने सांगायला सुरुवात केली. जिना संपतो. समोर ओकचं जाड दार आहे, त्यावर शिंग फुंकणारा माणूस कोरलेला. दार अर्धं उघडं आहे. पुढे कोण आहे?

"मी," हार्लन म्हणाला. "माझ्याकडे लांब काठी आहे का?"

कर्स्टनने त्याच्या पात्राचा कागद पाहिला. नव्या नियमांतल्या सामानाच्या गाठोड्यात काठी नव्हती.

"काठी नाही डॅड. दोरी आहे."

हार्लनने मान हलवली. मग तो टेबलावर वाकला, पेन्सिल उलटी धरली आणि तिच्या मागच्या टोकाने लाकडावर टकटक करायला लागला. जरा इकडे, जरा तिकडे, डोकं कलतं करून. दवाखान्यातून मिळालेल्या माहितीपत्रकात होतं, की आजार वाढला की हातांना स्वस्थता राहत नाही. कर्स्टनने ते दोनदा वाचलं होतं. तिला ती टकटक ऐकवेना.

"फासा टाक डॅड."

त्याने वर पाहिलं. "कशाला?"

"काही दिसतंय का ते कळायला."

"दिसायला?" तो म्हणाला. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि फासा टाकला. फासा क्रिंगलच्या ताटलीला लागून थांबला. तीन.

"तुझा पाय पडतो आणि फरशी खचते," कर्स्टनने घाईघाईने सांगितलं, जसं काही हळू सांगितलं असतं तर जास्त लागलं असतं.

"मी आत गेलो?" हार्लनने विचारलं.

"गेलास."

तो मुलीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. सूत्रधार म्हणतो म्हणजे गेलो."

गस बाकावरून पडेपर्यंत हसला. दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तो स्वतःच त्यात पडतो, हे म्हणायला गेली चाळीस वर्षं थांबलो होतो, म्हणाला. लोरेनही हसली. हार्लनसुद्धा हसला, थोडं उशिरा. कर्स्टनने सांगितलं, की ओलेला खरचटलंय, बाकी तो बरा आहे. मग कॉफी आणते म्हणून ती वर गेली, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजाआड रडून घेतलं.

तरी तिने लगेच काही केलं नाही. मुलीचं काळीज, आणखी एक रविवार द्यावा म्हणाली. पुढच्या वेळी छतावरच्या हिरव्या गोळ्याची खोली होती. हार्लनने मशाल आहे का विचारलं. गसच्या जादूगाराकडे उजेडाचा मंत्र होता, नव्या नियमांत मशालीची गरज नाही, असं तिने सांगितलं. मग हार्लनने फासा टाकला तर एकोणीस. गोळा बाजूला पडला, ओले वाचला, गसने टाळ्या वाजवल्या. पण कर्स्टनच्या मनाने ते धरलं नाही. हे काही त्याला आठवलं नाही, ती मनात म्हणाली, हे फाशाने वाचवलं. पडला तेव्हाचा फासा तिने बापाच्या नावावर लिहिला आणि वाचला तेव्हाचा फाशाच्या. माणूस घाबरला की असाच न्याय करतो.

मार्चमध्ये हार्लनने शेगडीवर रिकामं भांडं ठेवलं आणि ते लाल होईपर्यंत समोर उभा राहिला. त्याच आठवड्यात कर्स्टन आली, स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसली. शब्द जुळवून आणले होते, ते सगळे सोडून दिले.

"डॅड," ती म्हणाली, "तू खड्ड्यात पडलास."

"हो," हार्लन म्हणाला. "पडलो."

बोलल्याप्रमाणे तो एक अक्षर अधिक बोलला नाही. उठून आत गेला आणि स्वतःची बॅग स्वतः भरली. शर्ट, दाढीचं सामान, जोअ‍ॅनचा फोटो. तळ्यावरचा बर्फ फुटला त्या सुमारास ती त्याला तिकडे सोडून आली. उन्हाळ्यात घर विकलं. घेणारं जोडपं तरुण होतं, बाळ होतं. तळघरात त्यांना कपडे धुवायचं यंत्र बसवायचं होतं. टेबल इतकं लांब होतं, की ते जिन्यातून वर येईना. गसने ते कापून बाहेर काढलं.

गावाबाहेरच्या त्या आजाऱ्यांच्या घरातली माणसं खरंच चांगली होती. पण हार्लन तिथे रुळेना. नर्सने सांगितलं, की तो कुठल्याही दारातून सरळ आत येत नाही. उंबऱ्यात थांबतो, हातातल्या काठीने आतली फरशी आपटतो, इकडे, तिकडे, मग पाय टाकतो. जेवायच्या खोलीत, न्हाणीघरात, स्वतःच्या खोलीतसुद्धा. मागे रांग लागते, बाकीचे म्हातारे वैतागतात. अस्वस्थपणा कमी करायला थोडं औषध देऊन बघू या का, असं तिथल्या डॉक्टरने विचारलं. कर्स्टनला ते औषध माहीत होतं, दुकानातून ती रोज देत होती. तिने मात्रा विचारली, ती कमीच होती, आणि तिने होकार दिला. हार्लनचं आपटणं थांबलं. हळूहळू बोलणंही कमी झालं. खिडकीपाशी बसून तो पेंगायला लागला.

पानगळीच्या दिवसांत एका शुक्रवारी गसने कर्स्टनला क्लबात मासा खायला बोलावलं. हार्लन कसा आहे म्हणून तो विचारत होता, आणि ती सांगत होती. बोलता बोलता ती दाराशी काठी आपटण्याचं बोलली, की बघ ना गसकाका, मेंदू कसले कसले खेळ करतो.

गसने काटा खाली ठेवला. "मेंदूचे खेळ कसले? तो दार तपासतोय. दाराआत खड्डा नाही ना ते बघतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तसंच तर जायचं त्या दारातून. फरशी आपटायची, पोकळ वाजली की कडेकडेने जायचं. आमच्या वेळी त्याला फासा नव्हता पोरी. तोंडाने सांगायचं, मी आपटतो. ज्याने सांगितलं तो वाचला, नाही सांगितलं तो मेला. इतकंच." मग तो जरा हसला. "आणि त्या दिवशी आपटलंच होतं की त्याने. पेन्सिलने. आधी काठी मागितली, तू दिली नाहीस, मग पेन्सिलने आपटलं. मी म्हटलं, हिने मुद्दाम पाडला. लहानपणीचा वचपा काढला. काय हसलो मी."

कर्स्टन हसली नाही. गसला वाटलं, तिला माशाचा काटा लागला.

मग तिने त्याला गाडीतलं बोलणं सांगितलं. परीक्षा कुठली होती आणि कशावर ठरली होती, ते सगळं. गस ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला. तो म्हातारा माणूस टेबलाच्या त्या बाजूने उठून या बाजूला येऊन बसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, मासा गार होतोय म्हणाला. आजूबाजूला हार्लनने कधी ना कधी मारलेली माणसं जेवत होती. त्यांतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, की दारात काय करायचं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बापाला काय आठवतं ते ओळखायला तिने आकडे बसवले, माहितीपत्रकं वाचली, फासे टाकायला लावले. फक्त त्याचं ऐकलं नाही.

औषध कमी करायला तिने डॉक्टरला सांगितलं. काही आठवड्यांनी हार्लन थोडा जागा झाला. पूर्वीसारखा नाही, गेलं ते गेलं होतं. पहिला बर्फ पडला त्या रविवारी दुपारी ती त्याच्याकडे गेली. हातात चौकटीचे जुने कागद होते. स्वतः बसवलेले नवे नियम तिने घरीच ठेवले होते. फासेही.

हार्लन खिडकीपाशी होता. तिला बघून हसला. ती समोर बसली, नकाशा मांडीवर घेतला.

"जिना संपतो," ती म्हणाली. "समोर ओकचं दार आहे. त्यावर शिंग फुंकणारा माणूस कोरलाय. दार अर्धं उघडं आहे. तू काय करतोस?"

हार्लनने तिच्याकडे पाहिलं, मग खाली टेबलाकडे. बोटाचं पेर त्याने लाकडावर टेकवलं. टिचकी मारली. डोकं कलतं केलं. पुन्हा मारली.

"आपटतो," तो म्हणाला. "कसं वाजतं?"

"पोकळ."

"मग डावीकडून ये. भिंतीला पाठ लाव. तुझ्या तलवारीचं टोक आत ओढून घे, ते अडकतं."

तलवार. चांदीची. कर्स्टनने पुढची खोली सांगितली. त्याने मशाल मागितली, वर धरली, हिरवा गोळा जाळला. बुरशीच्या खोलीत तिला तोंडावर ओलं फडकं बांधायला लावलं. पेटी आली तेव्हा म्हणाला, हात लावू नकोस, सुई आहे, मी लावलीये. मधे एकदा त्याने तिला जोअ‍ॅन म्हटलं, मधे एकदा आपण कुठे आहोत ते विचारलं. पण भुयारात तो कुठेच चुकला नाही. एक पाऊल चुकला नाही. कर्स्टनला वाटत होतं, आता तरी एखाद्या ठिकाणी चुकावा. चुकला असता तर तिला थोडं सोपं गेलं असतं.

तिने कागद खाली ठेवले.

"डॅड, तू त्या दिवशी पडला नव्हतास."

"कुठे?"

"पहिल्या दारात. तू आपटलं होतंस. मला कळलं नाही. तू काही बोलला का नाहीस?"

हार्लन विचार करत राहिला. इतका वेळ, की प्रश्न हरवला असं तिला वाटलं.

"तू पहिल्यांदा खेळवत होतीस," तो म्हणाला. "पहिल्या खेळात कुणी सूत्रधाराला खोडतं का? उमेद जाते माणसाची."

"पण डॅड, तुझं घर—"

"आणि तूसुद्धा बोलली नव्हतीस," तो म्हणाला. "एवढीशी होतीस. मी पाडलं तुला. कागद घडी करून गेलीस वर. मी मागून यायला हवं होतं. आलो नाही."

कर्स्टनला आता आवरेना. ती त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली, आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, कुणाचे केस आहेत ते त्याला त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की आता घरी जायचं ना.

खोटं बोलता आलं असतं. नर्सेस बोलायच्या, उद्या जाऊ म्हणायच्या, आणि उद्यापर्यंत तो विसरायचा. पण कर्स्टनने मान वर केली आणि सांगितलं, की घर विकलं डॅड. मी विकलं. आता नाही जाता येणार.

हार्लनने खिडकीकडे पाहिलं. पार्किंगवर बर्फ भुरभुरत होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सूत्रधार म्हणतो म्हणजे…" पुढचा शब्द त्याला सापडला नाही, आणि त्याने तो शोधलाही नाही.

जेवणाची वेळ झाली तेव्हा ती निघाली. दाराशी पोचली तर मागून हाक आली, थांब म्हणून. हार्लन खुर्चीवरून उठला, काठी घेतली आणि एकेक पाऊल टाकत तिच्याजवळ आला. हाताने तिला मागे सारलं. मग उंबऱ्यापलीकडची फरशी काठीने आपटली, इकडे, तिकडे, आणखी एकदा मधे, कान देऊन. व्हरांड्यातून जाणारी नर्स थांबली. कर्स्टनने तिला हातानेच थांबायला सांगितलं.

"जा आता," हार्लन म्हणाला. "इथे भरीव आहे."

आणि ती बाहेर पडेपर्यंत तो दारात काठी टेकून उभा राहिला.